पडद्यावर मराठी दिसते, पण कॉम्प्युटरला ती कळते का?

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. पडद्यावर दाखवलेले नमुने इथे शब्दांत सांगितले आहेत.)

आजचा विषय अगदी घरगुती आहे. घरातला कॉम्प्युटर, त्यातली आपली मराठी, आणि ती मराठी कधी दिसते, कधी फुटते, कधी समोर असूनही शोधून सापडत नाही, ते का. दुरुस्तीवाला म्हणतो, "फॉन्ट गेला." मुलगा म्हणतो, "व्हायरस असेल." दोघंही अर्धवट सांगतात. नेमकं काय झालंय हे एकदा कळलं की निम्मी कामं घरबसल्या होतात आणि काही गोष्टी वेळेत वाचवता येतात. 'वेळेत' हा शब्द मुद्दाम वापरतोय, त्यावर पुढे येतो.

आपल्या जिल्ह्यात नऊ तालुके. जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा आणि परभणी. १९९५ साली परभणीत साहित्य संमेलन भरलं, नारायण सुर्वे अध्यक्ष होते, तो काळ आठवा. खिळ्यांची जुळणी मागे पडत होती आणि डीटीपीची दुकानं निघत होती. पुढच्या पंधरा वर्षांत लग्नपत्रिका, शाळेची स्मरणिका, सप्ताहाची पत्रकं, सोसायटीचा अहवाल, कोणाच्या आजोबांच्या आठवणी, कोणाच्या कुळाची वंशावळ, सगळं त्या दुकानांत टाइप झालं. छापील प्रती वाटून संपल्या. फाइल सीडीवर मिळाली, ती कपाटात गेली. कोणी जागरूक असेल तर त्यानं ती पेन ड्राइव्हवर घेतली, नव्या लॅपटॉपवर टाकली. आता ती उघडली तर काय दिसतं?

पहिला नमुना बघा. सात खुणांचा एक शब्द आहे. इंग्रजी आय, जे, कॅपिटल एच, के, मग चक्क एक पूर्णविराम, पुन्हा के, आणि शेवटी छोटा एच. वाचून काही अर्थ लागतो? आता मी हाच शब्द निवडतो आणि त्याला कृतीदेव नावाचा फॉन्ट लावतो. झालं 'परभणी'. आय म्हणजे प. जे म्हणजे र. कॅपिटल एच हा अर्धा भ, त्याला के हा काना लागला की भ पूर्ण. पूर्णविराम हा अर्धा ण, पुन्हा के लागला की पूर्ण ण. छोटा एच ही दुसरी वेलांटी.

म्हणजे आतमध्ये मराठी कुठंच नाही. आत इंग्रजी अक्षरंच साठवली आहेत, आणि त्या इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार काढून ठेवलेला एक मुखवटा वर लावला आहे. कॉम्प्युटरच्या लेखी आपल्या जिल्ह्याच्या नावाच्या मधोमध वाक्य संपतं! मुखवटा आहे तोवर छान दिसतं. फाइल दुसऱ्या मशीनवर नेली, तिथं तो फॉन्ट नाही, की मुखवटा गळून पडतो. आणि दुसऱ्या कंपनीचा मुखवटा लावला तर आणखी भलतंच दिसतं, कारण म कुठल्या अक्षराच्या जागी ठेवायचा हे प्रत्येक कंपनीनं आपापलं ठरवलं होतं.

बरं, मुखवटा जागेवर असला तरी अडचण आहेच. बचत गटाच्या बायकांची यादी अशा फॉन्टमध्ये टाइप करा आणि एक्सेलला सांगा, अकारविल्हे लाव. काय येतं? कमल, मंगल, पार्वती, राधा आणि सगळ्यात शेवटी अनसूया. का? क आहे डीच्या जागी, म ईच्या, प आयच्या, र जेच्या, आणि अ बसलाय थेट व्हीच्या जागी. कॉम्प्युटर आपला इमानदारीत डी, ई, आय, जे, व्ही लावतोय. त्याला अनसूया दिसतच नाही.

आता कोणी म्हणेल, असले उद्योग केले कोणी आणि कशासाठी? त्या लोकांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. तेव्हाच्या साध्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त २५६ आकार बसायचे, त्यातल्याही काही जागा आधीच अडलेल्या. आपली जोडाक्षरं धरली तर आकार कितीतरी जास्त होतात. म्हणून अर्धी अक्षरं, काना, रफार असे तुकडे करून ते बसवले. छापखान्याला कागदावर अक्षर सुबक हवं होतं, आत काय साठवलंय याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. श्री-लिपी काय, आकृती काय, सी-डॅकचं आयएसएम काय, या सगळ्यांवर महाराष्ट्रानं दोन दशकं छपाई केली आणि चांगली केली.

गंमत अशी की योग्य वाट तेव्हाही आखलेली होती. भारतीय लिप्यांचा सांकेतिक तक्ता, ज्याला इस्की म्हणतात, तो १९९१ साली भारतीय मानक म्हणून आला. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यात देवनागरी होती. म्हणजे नियम १९९१ला तयार आणि घरात पोचायला पुढची पंधरा-वीस वर्षं. विंडोज २०००मध्ये देवनागरी आली, सोबत मंगल नावाचा फॉन्ट. एक्सपीमध्ये ती मिळवायची तर कंट्रोल पॅनलमध्ये खूण करायची, मग मशीन मूळ सीडी मागायचं. ती सीडी कोणाकडे असायची हो? त्यामुळे आहे त्या फॉन्टवर काम चालू राहिलं.

युनिकोडमध्ये काय वेगळं आहे? तिथं प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. देवनागरीला २३०४ ते २४३१ अशा १२८ जागा. प म्हणजे २३४६, र म्हणजे २३५२, भ २३४९, ण २३३९, आणि दुसरी वेलांटी २३६८. झाली परभणी, पाच क्रमांकांत. फॉन्ट कुठलाही लावा, प हा पच राहतो. मशीन पुण्याचं असो, दुबईचं असो, क्रमांक तोच.

दुसरी गोष्ट क्रमाची. पहिलीत आपण काय म्हणायचो? क ला पहिली वेलांटी कि. आधी क, मग वेलांटी. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी डावीकडे दिसते म्हणून आधी टाइप करावी लागायची. युनिकोड आपल्या बाराखडीप्रमाणे चालतो. आधी क, मग वेलांटी, आणि ती डावीकडे काढायचं काम फॉन्टचं. रफाराचंही तसंच. 'पूर्णा' म्हणताना आपण र आधी म्हणतो आणि ण नंतर, आतही तसंच साठवलं जातं. रफार वर कुठं काढायचा ते फॉन्ट बघून घेतो.

इथवर कळलं असेल तर आता रोजच्या तक्रारीकडे येऊ. "मराठी फुटली" ही एकच तक्रार आपण चार वेगवेगळ्या आजारांसाठी करतो आणि चौघांना एकच औषध देतो, फॉन्ट टाक. ते एकाला लागू पडतं, बाकीच्यांचा वेळ जातो.

अक्षरांच्या जागी रिकामे चौकोनी डबे दिसले तर घाबरू नका. मजकूर शाबूत आहे, फक्त त्या मशीनवर अक्षरं काढायला फॉन्ट नाही. फाइल मोबाइलवर पाठवून उघडा, बहुधा नीट दिसेल. इथं फॉन्ट टाकणं हे खरंच औषध आहे.

दुसरा प्रकार म्हणजे इंग्रजी ए, त्याच्या डोक्यावर तिरकी काडी, आणि शेजारी चार काड्या फुटलेलं बारीक वर्तुळ. हीच जोडी ओळभर पुन्हा पुन्हा. हे बहुतेक वेळा एखाद्या संकेतस्थळावरून यादी उतरवून घेतली आणि ती दोनदा टिचकी मारून एक्सेलमध्ये उघडली की होतं. मजकूर इथंही शाबूत असतो. फाइलमध्ये साठवताना आपलं प्रत्येक मराठी अक्षर तीन बाइट घेतं, आणि त्यातला पहिला प्रत्येक वेळी सारखा, दुसरा बहुतेक वेळा सारखा. वाचणाऱ्यानं ते तीन बाइट एकत्र न वाचता सुटे सुटे वाचले, म्हणून ती जोडी सारखी दिसते. उपाय असा, की फाइल थेट उघडायची नाही. आधी कोरं एक्सेल उघडा, डेटा या भागातून ती मजकुराची फाइल आत घ्या, आणि कोणत्या पद्धतीनं वाचू असं विचारलं की यूटीएफ-८ निवडा. एक पथ्य मात्र पाळा. फुटलेलं दिसत असताना सेव्ह करू नका. बंद करताना तो विचारेल, तेव्हा नको म्हणा.

तिसरा प्रकार आपण पाहिला, आय-जे-एचवाला. त्याला जुना फॉन्ट तरी लागेल किंवा रूपांतर तरी.

चौथा सगळ्यात वाईट. प्रश्नचिन्हं. ओळीच्या ओळी नुसती प्रश्नचिन्हं. जुन्या नोटपॅडमध्ये मराठी लिहून साधेपणानं सेव्ह केलं की तो इशारा द्यायचा, मराठी अक्षरं जातील म्हणून. इशारा इंग्रजीत, आपण ओके दाबायचो. त्यानं प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह लिहून टाकलं. २०१९ पासून विंडोज १०च्या नोटपॅडमध्ये ही अडचण राहिली नाही, तो आपणहून यूटीएफ-८ मध्ये ठेवतो. पण जुन्या फाइलमध्ये जे गेलं ते गेलं. परत का आणता येत नाही, ते बघा. 'परभणी'ची पाच प्रश्नचिन्हं होतात. 'मानवत'ची पाच. 'पाथरी'चीही पाचच. तिन्हींत फरक काय करणार? कोणी सांगितलं, दोन हजार द्या, रिकव्हर करून देतो, तर त्या फाइलपुरते देऊ नका. दुसरीकडे कुठं प्रत आहे का ते शोधा, ईमेलच्या पाठवलेल्यांत, जुन्या पेन ड्राइव्हवर. पैसे वाचतील.

पीडीएफचा एक उपप्रकार राहिला. शासन निर्णयाची किंवा परिपत्रकाची पीडीएफ उघडली, छान दिसते, चार ओळी कॉपी करून व्हॉट्सॲपला टाकल्या की वेलांट्या पळालेल्या. पीडीएफ हे मुळात छापील पानाचं चित्र जपायला केलेलं साधन आहे, त्यातून मजकूर सरळ निघेलच याची हमी नसते. तिथं चित्रच पाठवावं.

आता तुम्ही म्हणाल, आमचं सगळं युनिकोडमध्ये आहे, मोबाइलवरच लिहितो, आम्हाला काय. तर इथं मराठीची खास गाठ आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

शब्द घेऊ 'शेतकऱ्यांना'. आपल्या जिल्ह्यात सरकारी कागदावर याहून जास्त येणारा शब्द क्वचितच असेल. यात जो अर्धा र आहे, तो आडवा, पापणीसारखा, ती मराठीची खासियत. हिंदीला त्याची गरज पडत नाही. आपल्याला पडते. आचार्यांना जेवायला बोलावलं आणि आचाऱ्यांना जेवायला बोलावलं, यात मांडवातली माणसं बदलतात! हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन वाटांनी लिहिता येतो. एक वाट, खाली टिंब असलेला ऱ, क्रमांक २३५३, आणि त्याला हलन्त. दुसरी वाट, साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं एक जोडचिन्ह, क्रमांक ८२०५. डोळ्याला दोन्ही सारखे. कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. एका कीबोर्डवरून पहिला निघतो, दुसऱ्यावरून दुसरा. मग शंभर पानांच्या अहवालात तुम्ही 'शेतकऱ्यांना' शोधता, एकही सापडत नाही, आणि शब्द तर समोर दिसतोय.

'बँक' बघा. कोणी चंद्रबिंदू देऊन लिहितो, कोणी आधी चंद्र आणि मग वेगळा अनुस्वार. बऱ्याच फॉन्टमध्ये दोन्ही इतके सारखे दिसतात की भिंग लावलं तरी कळू नये. 'ॲप'मधला ॲ हा युनिकोडला २००८ साली स्वतंत्र अक्षर म्हणून मिळाला, त्याआधी अ वर चंद्र देऊन काम भागवायचे, अजूनही देतात.

यावर घरगुती तोडगा आहे. पूर्ण शब्द शोधायचाच नाही. जिथं घोळ आहे त्याच्या आधी थांबायचं. 'शेतक' एवढंच टाइप करा, शोधा. सगळे शेतकरी सापडतील. आणि स्वतः लिहिताना एकच कीबोर्ड ठरवून घ्या, घरात सगळ्यांनी तोच वापरा.

हे झालं शब्दांचं. नावांत तर याहून जास्त गुंता आहे, आणि तिथं पैशाचा, जमिनीचा प्रश्न येतो. आपण कीबोर्डवर इंग्रजी अक्षरं दाबतो आणि यंत्र अंदाजानं मराठी करून देतं. के, ए, एल, ई दाबलं तर काळे, काले, कळे, कले, काहीही होऊ शकतं. इंग्रजीत ळ नाही, ण नाही, ट आणि त एकाच टीत, ड आणि द एकाच डीत. परभणीचं 'परभानी' आणि पूर्णाचं 'पुरना' होतं ते असंच. आधारची नोंदणी करताना नाव इंग्रजीत भरलं जातं आणि मराठी नाव बऱ्याचदा यंत्राच्या अंदाजानं येतं. पावतीवर सही करण्याआधी समोरचा पडदा तुमच्याकडे वळवायला सांगायचा आणि मराठी नाव अक्षर अक्षर वाचायचं. लाजायचं नाही, मागे रांग असली तरी.

सातबाऱ्याचंही तेच. महाभूलेखवर नावानं शोधता येतं, पण शोधायचं नाव नोंदीतल्यासारखं पडलं पाहिजे. नोंदीत विठ्ठलचं 'विठठल' झालेलं असू शकतं, भीमरावची वेलांटी ऱ्हस्व असू शकते. म्हणून गट नंबर हाताशी ठेवा, आकड्याला वेलांटी नसते. नाव सापडलं नाही म्हणून "जमीनच चढली नाही" असं म्हणत तलाठ्याकडे धावू नका. आधी गट नंबरनं बघा. डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत मिळतो, तो काढा. आणि मूळ फेरफारात नाव बरोबर असून कॉम्प्युटरवर घेताना चुकलं असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनचूक दुरुस्त करता येते. तहसीलकडे अर्ज, सोबत जुन्या हस्तलिखित उताऱ्याची नक्कल. जुनी नक्कल फेकू नका असं मी सारखं सांगतो, ते यासाठी.

आता 'वेळेत'वर येतो. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. त्या काळचे कागद उर्दूत, त्याआधीचे मोडीत. वाचणारा माणूस शोधावा लागतो, पण शोधला की वाचून होतं. १९५४-५५चं खासरा पत्रक आजही नक्कल काढून वाचता येतं. आणि २००४ साली टाइप केलेली स्मरणिका? पेजमेकरची फाइल. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची, पुढे ते बंद झालं. नव्या लॅपटॉपला सीडी घालायची जागा नाही. काही मराठी पॅकेजांना प्रिंटरच्या पोर्टाला लावायचं एक कुलूप असायचं, ते लावल्याशिवाय चालायचं नाही. तो पोर्ट आता मशीनला येत नाही. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वीचा कागद वाचता येतो आणि वीस वर्षांपूर्वीची फाइल नाही. हे मला पटत नाही, आणि यावर सरकार काही करील म्हणून थांबण्यात अर्थ नाही. या फाइल्स घराघरांत आहेत.

करायचं काय, ते सांगतो. ज्या दुकानात टाइप केलं ते दुकान अजून असेल आणि जुनं मशीन कोपऱ्यात झाकून ठेवलेलं असेल, तर आधी तिथं जा. त्या मशीनवर फाइल उघडून तिची पीडीएफ करून घ्या. मजकूर निदान डोळ्यांना तरी कायम दिसेल. भंगारवाला त्या मशीनला चारशे-पाचशे रुपये देतो म्हणून सांगतोय, तो कधी येईल याचा नेम नाही.

मग रूपांतर. फाइलची प्रत करा, मूळ तशीच ठेवा. वर्डमध्ये उघडा, मजकुरावर कर्सर ठेवा, वर फॉन्टचं नाव दिसतं. फॉन्ट मशीनवर नसला तरी नाव दिसतं, हे लक्षात ठेवा. त्याच नावाचा रूपांतरक हवा. कृतीदेवचा श्री-लिपीला चालत नाही. असे रूपांतरक इंटरनेटवर फुकट आहेत, पण दोन गोष्टी सांभाळा. त्या पानांवर 'डाउनलोड' म्हणून चमकणारी मोठी हिरवी बटणं असतात, ती बहुतेक जाहिराती. काही उतरवून घ्यायची गरजच नसते, मजकूर वरच्या चौकटीत टाकायचा, खालच्या चौकटीतून घ्यायचा. दुसरं, वाटणीपत्र, मृत्युपत्र, आधारचे क्रमांक असलं काही अनोळखी पानावर चिकटवू नका. एक साधी परीक्षा आहे. पान उघडलं की वायफाय बंद करा आणि मग रूपांतर करून बघा. झालं, तर काम तुमच्याच मशीनवर होतंय. नाही झालं, तर तुमचा मजकूर कुठंतरी दूर जातोय, मग खाजगी कागद तिथं नको.

रूपांतर झाल्यावर वाचायचंच. यंत्र जोडाक्षरांत अडखळतं, रफार एक घर पुढे-मागे बसतो, पहिली वेलांटी भलत्या अक्षराला लागते. मूळ मजकुरात मध्येच खरे इंग्रजी शब्द असतील, एखादा ईमेल पत्ता असेल, तर त्यांचंही मराठी करून टाकतं, कारण आत दोन्ही इंग्रजीच, त्याला फरक कसा कळणार? आकडे तर मूळ कागदाशी ताडून बघाच. वंशावळीत जन्मसाल चुकलं तर पुढची पिढी तेच खरं धरेल.

फाइल सापडतच नाही, पण छापील प्रत आहे? मग उजेडात पान सपाट धरून फोटो काढा आणि त्यातून मजकूर काढा. गुगल ड्राइव्हवर फोटो गुगल डॉक्समध्ये उघडला की मराठी मजकूर निघतो. टेसरॅक्ट नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, तेही मराठी ओळखतं. स्वच्छ छपाई असेल तर निम्म्याहून जास्त टायपिंग वाचतं. जुन्या पिवळ्या पानांवर मात्र भरपूर दुरुस्ती करावी लागते, सरळ टाइप करणंच बरं असं कधी कधी वाटतं.

प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्न : सर, मराठी टाइप करायला कोणता कीबोर्ड शिकावा? आमच्या सूनबाई इंग्रजी अक्षरांतून लिहितात, मला ते जमत नाही.

उत्तर : ताई, आठवड्यातून दोन-चार पानं लिहायची असतील तर सूनबाईंचीच पद्धत बरी. विंडोजच्या सेटिंगमध्ये भाषेत जाऊन मराठी फोनेटिक जोडा, वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही. पण रोज लिहिणार असाल, किंवा घरात कोणी नोकरीसाठी टायपिंग शिकत असेल, तर इन्स्क्रिप्ट शिका. १९८६ला ठरलेली मांडणी आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. अंदाज करणारं यंत्र मध्ये नसतं, त्यामुळे काळेंचं काले होत नाही. पंधरा दिवस चिडचिड होते, मग बोटं वळतात.

प्रश्न : बोलून टाइप केलं तर? पोरं तसंच करायलीत.

उत्तर : चांगलं आहे की. गुगलनं २०१७ला मराठीत ते आणलं, आणि निघतो तो मजकूर युनिकोडच असतो. फक्त त्याला पुस्तकी मराठी जास्त कळते. "मी शेतात जात आहे" म्हणा, बरोबर लिहील. "शेतात जायलो" म्हणालात तर तो काहीतरी दुसरंच ऐकतो. माझं म्हणणं आहे, आजीच्या आठवणी घ्यायच्या असतील तर आधी नुसता आवाज रेकॉर्ड करून ठेवा. यंत्रासाठी तिला बोली बदलायला लावू नका. मजकूर नंतर करता येईल.

प्रश्न : मोडीचं काय? आमच्याकडे वतनाचे कागद आहेत.

उत्तर : मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये स्वतःच्या जागा मिळाल्यात. म्हणजे मोडीत टाइप केलेलं शोधता येईल, पाठवता येईल. पण तुमच्या कागदांना आधी वाचणारा हवा. तोवर चांगला फोटो काढा, आणि फाइलला नाव देताना गाव, साल आणि कोणाचा कागद हे तिन्ही लिहा. नुसतं 'फोटो ३७' ठेवू नका.

प्रश्न : आमच्या गावच्या सप्ताहाच्या जुन्या फाइल आहेत, फॉन्टचं नाव कोणतंच दाखवत नाही. नुसत्या मजकुराची फाइल आहे.

उत्तर : मग त्यातला एखादा शब्द ओळखायचा, जो तिथं असणारच. सप्ताह म्हणता, म्हणजे 'हरिनाम' असेल, 'ज्ञानेश्वरी' असेल, गावाचं नाव असेल, आणि ते वारंवार येत असेल. सारखी येणारी खुणांची जोडणी शोधा. मग एकेका रूपांतरकात तेवढीच ओळ टाकून बघा. ज्यात गावाचं नाव सरळ आलं, तो तुमचा फॉन्ट. फाइल पेन ड्राइव्हवर आणली असेल तर आत्ता बाहेर बसून बघू, मी सातच्या गाडीपर्यंत आहे.